पांढरी सोडल्यावर

मारेगावच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक भेग आहे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघते आणि घराच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे तिरपी उतरत जमिनीला टेकते. तिच्या कडेने मी पेन्सिलीने तारखा लिहून ठेवल्या आहेत. मे 2012 मध्ये त्या भेगेत रुपयाचं नाणं उभं शिरायचं. त्याच वर्षी सप्टेंबरात पोस्टकार्डाची कड जेमतेम जायची. पुढच्या मे महिन्यात पुन्हा नाणं. त्याआधी तीन वर्षं मी दर दिवाळीला तिच्यात पुट्टी भरली आणि दर अक्षय तृतीयेला तीच पुट्टी फरशीवर भुगा होऊन पडलेली झाडली. मग भरणं थांबवलं आणि नोंद ठेवायला लागलो. शाळेत मुलांकडून पर्जन्यमापकाच्या नोंदी करून घेत होतो, ती सवय घरात कामाला आली.

घर 2008 सालचं. त्याआधी आम्ही गावठाणात राहायचो. ते घर मातीच्या भिंतींचं, कवेलूंचं, काळ्या दगडाच्या जोत्यावरचं. आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं. भिंतीला पोपडे होते, माळ्यावर उंदीर होते, पण कोपरा सोडून भिंत कधी फाकली नाही. भाऊ वेगळा झाला, मुलं मोठी झाली, जागा पुरेना; तेव्हा करंजी-वणी रस्त्याच्या बाजूला नव्या ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. त्याच्या दहा वर्षं आधी तिथे कापूस उभा असायचा. आमच्या घराचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे, हे कळायला मला सात-आठ वर्षं लागली.

गावाच्या जुन्या बोलीत जमिनीचे भाग दोन, काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. जुन्या कागदपत्रांत 'काळी-पांढरी' असा जोडशब्दच येतो आणि त्याचा अर्थ अख्खं गाव असा होतो. लहानपणी मला वाटायचं की हा नुसता रंगाचा फरक असावा. पण पांढरी म्हणजे सहसा उंचवट्याची जागा. खाली मुरूम किंवा चुनखडी जवळ लागणारी, वर पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंतींची माती, चुन्याचे कण, खापऱ्या यांनी भरत गेलेली. पायाखाली चेपून चेपून घट्ट झालेली. ही माती पाण्याने फारशी फुगत नाही आणि वाळली तरी फारशी आवळत नाही. आपल्या पूर्वजांनी मातीची परीक्षा प्रयोगशाळेत केली नव्हती. चार पावसाळे बघून जागा ठरवली होती. आपण जागा ठरवताना रस्ता बघतो, सातबारा बघतो, अकृषक परवाना बघतो. माती कोणी बघत नाही.

काळी माती ही दख्खनच्या काळ्या खडकाची, बेसाल्टची झीज. आमच्या पूर्वेकडच्या भागात खाली चुनखडक आणि कोळसाही आहे, वणीजवळच्या राजूरला त्याच चुनखडकाच्या जोरावर चुन्याच्या भट्ट्या चालल्या. पण वरचा थर बहुतेक ठिकाणी काळाच. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचलेले, आणि पाणी दोन पत्त्यांच्या मधे शिरून त्यांना दूर सारतं. पाणी गेलं की पत्ते पुन्हा जवळ येतात. म्हणून आषाढात वावरात पाय ठेवला तर चपलेला शेरभर माती चिकटते आणि वैशाखात त्याच वावरात बैलाचा खूर अडकेल एवढ्या भेगा पडतात. दिवाळीनंतर आभाळातून थेंब पडला नाही तरी कापूस आणि तूर उभी राहते, ती याच धरून ठेवलेल्या पाण्यावर. माझं शिक्षण या मातीच्या कापसावर झालं. तिला वाईट म्हणायला जीभ उचलत नाही. पण ती पिकाची माती आहे, पायाची नव्हे.

आमचा पाया तीन फूट खोल होता. खणताना निघालेली काळी माती बाजूला ढीग करून ठेवली होती. जोत्यात भर टाकायची वेळ आली तेव्हा काम करणाऱ्याने विचारलं, मुरमाच्या आठ-दहा ट्रॉल्या मागवायच्या की हीच माती भरायची? हीच भरली तर तेवढे पैसे वाचतील. मी हो म्हणालो. ती माती चोपली, तिच्यावर थोडी रेती, काँक्रीट आणि वर चकचकीत टाइल्स. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बैठकीच्या मधोमध टाइल्स पोकळ वाजायला लागल्या. तिसऱ्या वर्षी दोन टाइल्स तंबूसारख्या वर आल्या. आणि कोपरे मात्र खाली चाललेले. मधे घर वर उचललं जातंय आणि कडांना खचतंय, हे कसं, ते मला समजेना. मी पायाखालून पाण्याचा झरा निघाला असावा अशी कल्पना करून बसलो होतो.

आईची कल्पना वेगळी होती. श्रावणात दुपारी फरशी ओली व्हायची. पुसली की तासाभरात पुन्हा ओली. पापडाचा डबा सादळायचा, कपाटातल्या शालीला कुबट वास यायचा. ती म्हणायची, "बापू, खालून पाणी चढते. त्या घरी असं कधीच नोयतं." मी सगळ्या खिडक्या उघडायचो, वारा खेळावा म्हणून. ओल वाढायची. हे बरेच दिवस चाललं. मग एका विद्यार्थ्याने, तो तेव्हा नुकताच स्थापत्य अभियंता झाला होता, मला एक साधी युक्ती सांगितली. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने फरशीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाणी जमलं तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला जमलं तर हवेतून.

आम्ही सहा ठिकाणी तुकडे चिकटवले. बैठकीत आणि देवघरात पाणी वरच्या बाजूला होतं. न्हाणीच्या भिंतीलगत आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते खालच्या बाजूला होतं. घरात एक नव्हे, दोन ओली होत्या, आणि दोघींवर मी एकच औषध करत होतो.

वरची ओल आधी सांगतो, कारण ती सोपी आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा 30 अंशांवर आणि तिच्यातली आर्द्रता 85 टक्के असेल, तर 27 अंशांच्या आसपास थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर तिच्यातलं पाणी सुटतं. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसाच फरशीला येतो. दुपारी खिडक्या उघडून मी बाहेरची दमट हवा थंड फरशीवर आणून सोडत होतो. जुन्या घरात जमीन सारवलेली होती. तीही गार असायची, पण शेणामातीच्या त्या थराला पाणी शोषून घेता येत होतं आणि उन्हं आली की परत सोडता येत होतं. शिवाय घरात दोन वेळा चूल पेटायची. श्रावणातल्या पावसात आजी संध्याकाळी मुद्दाम शेगडीत निखारे घेऊन आतल्या खोलीत ठेवायची, ते मी फक्त डासांसाठी समजत होतो. टाइल्स पाणी पीत नाहीत, गॅस घर शेकत नाही. आता आम्ही श्रावणात दुपारच्या खिडक्या लावून ठेवतो आणि ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी सगळ्या उघडतो. बैठकीतली ओल एवढ्यानेच अर्ध्यावर आली.

या विषयावर वाचायला लागलो तेव्हा कळलं की ही चूक फक्त माझी नाही. अमेरिकेत पुष्कळ घरं जमिनीपासून दोन-तीन फूट उचलून बांधलेली असतात आणि लाकडी फरशीखाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी ठेवतात. त्या पोकळीत ओल साठू नये म्हणून भिंतींना झरोके ठेवायचे, दर दीडशे चौरस फूट क्षेत्राला एक चौरस फूट, असा तिथला जुना नियम. थंड, कोरड्या प्रदेशात तो चालला. दमट उन्हाळ्याच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र त्या झरोक्यांतून आत आलेली हवा थंड तुळयांवर पाणी सोडायची आणि लाकूड कुजायचं. आता तिथले बरेच जाणकार उलटं सांगतात: खालच्या जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा, ते भिंतींपर्यंत चिकटवा, झरोके बंद करा. लहानपणी जंगलातला एक इंग्रजी अमदानीतला लाकडी फरशीचा बंगला पाहिला होता. जोत्याला ओळीने लोखंडी जाळ्या होत्या. अर्ध्या जाळ्या पाचोळ्याने आणि चिखलाने बुजलेल्या, अर्ध्या उघड्या. फरशी पायाखाली दबायची. त्या बंगल्याला उघड्या जाळ्यांनी मारलं की बुजलेल्या, हे सांगता येणार नाही. अर्धवटपणाने मारलं असं मला वाटतं.

आणि हा अर्धवटपणा आमच्या आजोबांना चालत नव्हता. त्यांच्याकडे धान्य साठवायच्या दोन रीती होत्या आणि दोन्ही टोकाच्या. बांबूची कणगी शेणाने लिंपून चार दगडांवर ठेवायची. तिच्याखाली वीतभर जागा असे, तिथे हात घालून आजोबा बघायचे, कोणी चप्पल-खराटा सरकवला असेल तर रागवायचे. कणगीखालून हवा जायलाच हवी. दुसरी रीत पेवाची. वाड्यामागे पांढरीत खोदलेलं पेव. आत काटक्या-कडबा जाळून भिंती शेकायच्या, तळाला आणि कडेला काड रचायचं, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीने असं लिंपायचं की वाफ बाहेर येऊ नये. आत धान्य आणि किडे हवेतला प्राणवायू संपवतात, मग कीड जगत नाही. उघडल्यावर लगेच कोणी उतरायचं नाही. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल. कडेची ज्वारी तरीही काळी पडायची, तिला वास यायचा. ती जनावरांना जाई. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं अशीच होती, कृष्णाकाठच्या मातीत, आणि 2005 च्या महापुराने त्यांतली कितीतरी निकामी केली. पाण्याची पातळी वर आली की पेव संपलं. काळी पाणी धरून ठेवते, म्हणून आमच्याकडे पेव काळीत खोदत नसत. 'पेव फुटलं' हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो. पेवासाठी माती निवडण्याचं ज्ञान मात्र हातातून गेलं.

कणगीखाली मोकळी हवा, पेवात अजिबात हवा नाही. घराच्या पोटालाही या दोनांतलं एक काहीतरी ठरवावं लागतं, असं आता मला वाटतं. आमच्याकडे घराखाली पोकळी नसतेच, भर असते. मग ती भर तरी अशी हवी की खालचं पाणी वर चढू नये.

इथे दुसरी ओल येते, खालची. मातीतल्या आणि विटेतल्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं तसं. छिद्र जितकं बारीक तितकी चढण जास्त: एका मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढी त्रिज्या असलेल्या नळीत पाणी दीड मीटरपर्यंत चढू शकतं. जाड रेती आणि खडीत छिद्रं मोठी, म्हणून तिथे ते फार चढत नाही. जोत्यात खडी-मुरूम भरायचा तो एवढ्यासाठी. आम्ही भरली काळी माती, जिच्यात छिद्रं सगळ्यांत बारीक. चढणारं पाणी रिकाम्या हाताने येत नाही, जमिनीतले क्षार घेऊन येतं. भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, फुलतात आणि गिलावा ढकलून देतात. हाच लोणा. गोठ्याच्या भिंतीला तो लवकर लागतो, कारण गोमूत्रातले क्षार तिथल्या जमिनीत मुरलेले असतात.

लोणा दिसला की आपण काय करतो? गिलावा खरवडतो आणि सिमेंटचा जाड थर देतो. मी गावठाणातल्या जुन्या घरालाही हे केलं होतं, जाताना ते नीट करून जावं म्हणून. मातीच्या भिंतीला कमरेइतका सिमेंटचा पट्टा. पाच वर्षांत ओल त्या पट्ट्याच्या वर आली, छातीच्या उंचीला. आधी भिंत गुडघ्यापाशीच पाणी बाहेर सोडत होती. आम्ही तिचं तोंड बंद केलं, तर पाणी तोंड शोधत वर गेलं. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा हवा. राजूरचा चुना इतका जवळ असून आमच्या आळीत एकाही घराला आज चुन्याचा गिलावा नाही, याचं मला वाईट वाटतं.

उधई याच ओलीच्या मागे येते. कोरड्या जमिनीतून ती वर चढत नाही. मातीच्या बोगद्यातून आपली ओल सोबत घेऊन चढते. आमच्या सागवानी चौकटीला ती न्हाणीच्या बाजूने लागली, दुसऱ्या बाजूने नाही. औषध मारलं, तात्पुरतं थांबली. न्हाणीची मोरी दुरुस्त झाल्यावर परत आली नाही.

मोरी दुरुस्त कशी झाली ते सांगायला हवं. 2014 च्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आले. पंचाहत्तरीचे, काम सोडलेलं. मी त्यांना आत बोलावलं, भेग दाखवायला. ते आत आले नाहीत. घराला बाहेरून एक फेरी मारली, मग दुसरी. हातात काठी होती, ती ठिकठिकाणी मातीत खुपसून बघत होते. न्हाणीच्या मागे काठी सहज गेली. कडुनिंबाच्या बाजूला टोकसुद्धा शिरेना. मग ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "गुरुजी, घर आतून नाही बिघडलं, बाहीरून बिघडलं. एका कोपऱ्याले रोज पाणी पाजता, दुसऱ्याले उपाशी ठेवता. मातीनं काय करावं?"

मी विचारलं, "काकाजी, मग पाणी बंदच करायचं का?"

"बंद कसं करान? सारखं करा."

'सारखं करा' या दोन शब्दांत जे होतं ते नंतर पुस्तकांतही सापडलं. काळ्या मातीत घर मोडतं ते ओलीमुळे नव्हे, ओलीतल्या फरकामुळे. घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असते, तिच्यातली वाफ बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं हळूहळू ओली होत फुगते. कडांखालची माती वैशाखात वाळते, आषाढात भिजते, आवळते, फुगते. मधे फरशी उचलली जाते, कोपरा मे महिन्यात खाली बसतो. माझी नाण्याची भेग हीच. ऋतूप्रमाणे ओल बदलते ती साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत, असं मानतात. म्हणून रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी जे अंडर-रीम्ड पाईल सुचवले ते तेवढ्या खोलीपर्यंत नेतात आणि खाली त्यांना देठाच्या अडीचपट रुंद गड्डा देतात, कांद्याच्या पातीला खाली कांदा असावा तसा. वरची माती कितीही हलली तरी कांदा जागचा हलत नाही.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या लक्षात आलं की काळ्या मातीच्या थरात वरची मीटर-सव्वा मीटर माती फुगते, पण तिच्याखालची तीच माती पाणी लागूनही तेवढी फुगत नाही. वरचा थर तिला धरून ठेवतो. मग वर काळ्या मातीऐवजी चिकट पण न फुगणारी, मुरमासारखी माती सुमारे मीटरभर घातली तर? ती खालच्या फुगणाऱ्या मातीला दाबून धरते. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर हे वापरलं गेलं. मला हे वाचताना गावठाणाची आठवण झाली. पांढरीचा थर म्हणजे पिढ्यांनी नकळत घातलेली अशीच एक चादर होती. आणि जो मुरूम मी आठ-दहा ट्रॉल्या वाचवून नाकारला, तो नुसती भर नव्हता.

घर पाडून पाया पुन्हा घालणं मला शक्य नव्हतं. मिस्त्रींनी सांगितलेलं मात्र सगळं केलं. न्हाणीचं पाणी भिंतीलगत मुरत होतं, ते पाइपाने दूर नेलं. छताच्या कडेला पन्हाळ लावली आणि पागोळ्यांचं पाणी चार फूट लांब, रस्त्याकडच्या नालीत सोडलं. घराभोवती चार फूट रुंदीची काळी माती फूटभर काढून तिथे मुरूम आणि चुना मिसळून चोपला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. चुन्याने काळ्या मातीचा फुगीरपणा कमी होतो, हे रस्ते बांधणाऱ्यांना ठाऊक आहे, घर बांधणाऱ्यांना कमी. कडुनिंब तोडायचा नाही असं आईने बजावलं होतं. तो कोपऱ्याखालचं पाणी ओढत होता हे खरं. मग न्हाणीचं जे पाणी एका कोपऱ्याला बुडवत होतं तेच उन्हाळ्यात त्या झाडाच्या पलीकडच्या आळ्यात वळवलं. बैठकीतली फरशी उकरून खालची काळी माती दोन फूट काढली, खडी-मुरूम भरला, जाड प्लास्टिक अंथरलं, मग काँक्रीट. यात दोन उन्हाळे गेले.

मे 2016 च्या तारखेपाशी भेगेत नाणं गेलं नाही. मे 2017 मध्येही नाही. 2022 च्या जुलैत पावसाने कहर केला, वर्धा नदीचं पाणी काठच्या गावांत शिरलं, आमच्याकडे आठवडाभर जमीन दिसली नाही. पुढच्या मे मध्ये भेग पुन्हा थोडी उघडली. पोस्टकार्ड सैल जात होतं. त्या वर्षाची तारीख मी लाल पेन्सिलीने लिहिली आहे.

मला माझ्या घराची काळजी आता फार नाही. काळजी वेगळीच आहे. आमच्या तालुक्यात कोलाम पोडं, म्हणजे कोलामांच्या वस्त्या, आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. त्यांचं जुनं घर कुडाचं, बांबू आणि काटक्यांच्या विणीवर माती लिंपलेलं. जमीन हलली तर असं घर थोडं वाकतं, लिंपण तडकतं, हाताने पुन्हा लिंपता येतं. आता तिथे विटा-सिमेंटची घरकुलं होत आहेत. व्हायलाच हवीत, पक्क्या घरावर त्यांचा हक्क माझ्याइतकाच आहे. पण 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये ठरले, घर किमान 25 चौरस मीटरचं. या पैशांत काळ्या जमिनीवर साडेतीन मीटरचे पाईल कोणी घालू शकत नाही. वीट वाकत नाही, ती तडकते, आणि तडकलेली वीट हाताने लिंपता येत नाही. कोकणातल्या जांभ्यावरचं घर आणि मारेगावच्या काळीवरचं घर यांना एकच रक्कम देणं म्हणजे माती बघायची नाही असं ठरवणं. काळ्या जमिनीवरच्या घरकुलाला मुरमाच्या भरीचे आणि भोवतालच्या पट्ट्याचे पैसे वेगळे मिळायला हवेत. तो फार मोठा खर्च नाही. माझ्या आठ-दहा ट्रॉल्यांएवढाच आहे.

तोवर, ज्यांचा पाया यंदा खणायचा आहे त्यांना एवढंच सांगतो. खड्डा आठ दिवस उघडा ठेवू नका; वाळलेल्या किंवा पावसाने भिजलेल्या खड्ड्यात पाया घालू नका. जोतं निदान दीड फूट वर घ्या, राष्ट्रीय इमारत संहितेतही 45 सेंटीमीटर म्हटलं आहे. न्हाणीचं पाणी आणि पागोळ्यांचं पाणी कुठे जाणार हे पहिली वीट ठेवायच्या आधी ठरवा. आणि खणलेली काळी माती जोत्यात परत भरू नका. एखाद्या शेतकऱ्याला द्या, तो ट्रॅक्टर घेऊन येईल आणि आपल्या वावरात पसरेल. तिथे तिला कापूस उभा करता येतो.